मालवण–तारकर्ली किनाऱ्यावरील जलपर्यटन

मालवण–तारकर्ली किनारा हा महाराष्ट्र राज्यातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात असलेला, अरबी समुद्रालगतचा किनारपट्टा आहे. उत्तरेस मालवण शहराचा चिवला किनारा आणि दक्षिणेस देवबाग येथील कर्ली नदीचे मुख यांच्या दरम्यान तो पसरला आहे. स्नॉर्केलिंग, स्कूबा डायव्हिंग, पॅरासेलिंग, खाडीतील नौकाविहार, डॉल्फिन दर्शन आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीने सफर यांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. मूळचा मासेमारीवर जगणारा हा किनारा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पर्यटनाकडे वळला. येथील जलक्रीडांचा मोठा भाग ज्या उथळ पाण्यात चालतो, त्याच पाण्यात पारंपरिक मच्छीमारांची जाळी पडतात आणि त्यातच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रवाळांचे एक महत्त्वाचे क्षेत्रही आहे. त्यामुळे सुरक्षितता, मासेमारी आणि सागरी जीवांचे संवर्धन हे तीन प्रश्न येथील जलपर्यटनाशी कायमचे जोडले गेले आहेत.

भौगोलिक रचना

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना या पट्ट्यात चिवला, राजकोट, मालवण बंदर, दांडी, वायरी, तारकर्ली आणि देवबाग अशी ठिकाणे लागतात. मालवण शहरालगतचा समुद्र खडकाळ आहे. बंदरासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा असून किल्ला आणि किनारा यांच्या दरम्यान पद्मगडाचे छोटे बेट आहे. ओहोटीच्या वेळी पद्मगडापर्यंत जाण्याची वाट उघडी पडते. किल्ल्याभोवती पाण्याखाली व पाण्याच्या पृष्ठभागालगत अनेक खडक विखुरलेले आहेत. हे खडक एकेकाळी शत्रूच्या जहाजांना अडथळा ठरत. आज त्याच खडकांवर वाढलेले प्रवाळ आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे मासे पर्यटकांचे आकर्षण झाले आहेत.

वायरीपासून पुढे किनाऱ्याचे रूप पालटते. तारकर्लीचा किनारा लांब, सरळ आणि पांढुरक्या वाळूचा असून त्याच्या मागे सुरूची बने आणि माडांच्या बागा आहेत. देवबाग हे गाव पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस कर्ली नदीची खाडी यांच्या मधल्या अरुंद भूपट्टीवर वसले आहे. गावाच्या दक्षिण टोकाला नदी समुद्रास मिळते. या ठिकाणास स्थानिक लोक ‘संगम’ म्हणतात. नदीच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे आणि त्याच्या दक्षिणेस निवती ही गावे आहेत. संगमाजवळ नदीने आणलेल्या वाळूचा दांडा असून तो ‘त्सुनामी आयलंड’ या नावाने ओळखला जातो. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर तो वर आला, अशी स्थानिक समजूत आहे. नदीमुखावरील इतर दांड्यांप्रमाणेच त्याचा आकार ऋतूनुसार आणि भरती-ओहोटीनुसार बदलत राहतो.

पार्श्वभूमी

मालवण हे कोकणातील जुने बंदर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ४८ एकरांवर पसरलेल्या या किल्ल्याने मालवणची ओळख कायमची समुद्राशी जोडली. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येथे येणारे बहुतेक बाहेरगावचे लोक किल्ला पाहून परत जात. समुद्र ही मुक्काम करून अनुभवण्याची गोष्ट मानली जात नव्हती.

१९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये तो ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून घोषित झाला. त्याच सुमारास कोकण रेल्वे सुरू झाल्याने मुंबई व गोव्याकडून येणे सोपे झाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे पर्यटक निवास आणि कर्लीच्या खाडीत हाऊसबोटी सुरू केल्या. निवास व न्याहारी योजनेमुळे अनेक कुटुंबांनी आपल्या घरातील खोल्या पर्यटकांसाठी खुल्या केल्या.

पाण्याखालील पर्यटनाला चालना मिळाली ती एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रम, जागतिक पर्यावरण सुविधा आणि महाराष्ट्र शासन यांच्या सहकार्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प राबवण्यात आला. मासेमारीवरील भार हलका करण्यासाठी स्थानिकांना पूरक रोजगार मिळावा, हा त्याचा एक हेतू होता. त्यातून किनाऱ्यावरील तरुणांना स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण मिळाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर हेही याच प्रयत्नांचे फलित होय. २०१५ मध्ये पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्था सुरू केली. तेथे सरावासाठी खोल जलतरण तलाव असून पर्यटकांबरोबरच व्यावसायिक मार्गदर्शकांनाही प्रशिक्षण दिले जाते.

हंगाम आणि भरती-ओहोटी

जलपर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे साधारणतः मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत किल्ल्याची होडी वाहतूक आणि सर्व जलक्रीडा बंद ठेवण्यात येतात. यांत्रिकी नौकांच्या मासेमारीवरही १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यानंतर पारंपरिक मच्छीमार नव्या हंगामाची सुरुवात करतात.

पावसाळ्यानंतर नद्यांनी आणलेला गाळ हळूहळू खाली बसतो आणि पाणी निवळू लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पाण्याखालील दृश्यमानतेच्या दृष्टीने सामान्यतः चांगला मानला जातो. तरीही कोकणचा समुद्र लक्षद्वीप किंवा अंदमानसारखा नितळ नाही. वारा, लाटा व भरती यांनुसार दृश्यमानता एकाच आठवड्यात काही मीटरांनी कमी-अधिक होऊ शकते.

या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते. यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो, ती भांगाची भरती होय. संगमावरील खेळ, वाळूच्या दांड्यावर उतरणे आणि खाडीतील नौकानयन यांच्या वेळा भरतीचे गणित पाहूनच ठरवल्या जातात.

प्रमुख जलक्रीडा

किल्ल्याची होडी सफर
मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत होडीने काही मिनिटांत पोहोचता येते. खडकांमधून होडी नेण्यासाठी स्थानिक तांडेलांचे अनुभवसिद्ध ज्ञान आवश्यक असते. तटाचा मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड दडलेला असल्याने अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वर मंदिर ही किल्ल्यातील विशेष आकर्षणे आहेत.

स्नॉर्केलिंग
डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासनळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत खालचे दृश्य पाहणे, असे स्नॉर्केलिंगचे स्वरूप आहे. ते मुख्यतः किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकाळ भागात चालते. पोहता न येणाऱ्यांनाही जीवरक्षक जाकीट आणि तरंगत्या कड्याच्या आधाराने ते करता येते. पाणी जितके उथळ, तितके पाय प्रवाळांवर पडण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे ओहोटीच्या अगदी शेवटी या भागात उतरणे टाळावे, असे सांगितले जाते.

स्कूबा डायव्हिंग
स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवरील टाकीतील संपीडित हवा नियामकाद्वारे श्वासासाठी वापरली जाते. मालवणला येणारे बहुसंख्य पर्यटक अप्रशिक्षित असतात. त्यांच्यासाठी अल्प माहिती व सराव देऊन मार्गदर्शकाच्या हाताने उथळ पाण्यात नेण्याची पद्धत आहे. स्वतंत्रपणे पाणबुडी करू इच्छिणाऱ्यांना काही दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

पाण्याखाली दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. खाली जाताना कानांवर येणारा ताण नाक दाबून हलकेच फुंकर मारल्याने कमी होतो. वर येताना फुप्फुसांतील हवा प्रसरण पावत असल्याने श्वास रोखून धरणे हे या क्रीडेतील सर्वांत घातक वर्तन मानले जाते आणि उथळ पाण्यातही त्यामुळे इजा होऊ शकते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कान किंवा सायनसचे विकार असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी पाणबुडी टाळावी किंवा वैद्यकीय सल्ला घ्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. एकदा पाणबुडी केल्यानंतर किमान १२ तास, तर अनेकदा केल्यास किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असे मार्गदर्शक संकेत आहेत.

संगमावरील खेळ
देवबागच्या संगमावर आणि तारकर्ली किनाऱ्यावर वेगवान नौकांनी ओढले जाणारे खेळ चालतात. त्यांत बनाना राईड, बंपर राईड, जेट स्की आणि पॅरासेलिंग यांचा समावेश होतो. पॅरासेलिंगमध्ये छत्रीला बांधलेली व्यक्ती धावत्या नौकेच्या दोराने हवेत उचलली जाते. त्यामुळे वाऱ्याचा वेग आणि दोराची व पट्ट्यांची स्थिती यांवर तिची सुरक्षितता अवलंबून असते.

खाडीतील नौकाविहार आणि कायाकिंग
कर्लीची खाडी समुद्राच्या तुलनेने शांत आहे. दोन्ही काठांवर माड, कांदळवने आणि वाड्या दिसतात. वल्ह्याच्या छोट्या होड्या, कायाक व हाऊसबोट यांतून येथे फिरता येते. पक्षिनिरीक्षकांना खंड्या, बगळे, घारी आणि हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी आढळतात.

डॉल्फिन दर्शन
देवबाग व निवती येथून पहाटेच्या वेळी नौका डॉल्फिनच्या शोधात निघतात. किनाऱ्यालगत प्रामुख्याने कुबडधारी डॉल्फिन दिसतात. नौकांनी कळपाचा पाठलाग करणे किंवा त्याला चहूबाजूंनी घेरणे यामुळे पिल्ले व माद्या विलग होऊ शकतात. म्हणून इंजिनाचा वेग कमी ठेवून अंतर राखणे ही जबाबदार पद्धत मानली जाते.

सागरी जलतरण
मालवणचा चिवला किनारा सागरी जलतरण स्पर्धांसाठी ओळखला जातो. हिवाळ्यात भरणाऱ्या या स्पर्धांना राज्याच्या विविध भागांतून जलतरणपटू येतात.

सागरी अभयारण्य आणि प्रवाळ

मालवणलगतचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले. यांपैकी ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र असून त्यात पद्मगड आणि भोवतालच्या पाण्याखालील खडकांचा समावेश होतो. उर्वरित भाग प्रतिरोधक क्षेत्र आहे. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास प्रारंभापासून विरोध केला.

येथील प्रवाळ गढूळ पाण्यात तग धरणारे आहेत. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ कमी असून खडकावर थर चढवणाऱ्या आणि गोलाकार वसाहती अधिक आढळतात. पोराइट्स, गोनिअस्ट्रिया, फेव्हाइट्स, टर्बिनारिया आदी प्रजातींची येथे नोंद आहे. गोलाकार वसाहती वर्षाला साधारण एका सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. त्यामुळे एका पावलाने किंवा नांगराने तुटलेला भाग भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. सर्व खडकनिर्माते प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट असून ते तोडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवरील दोन प्रकारच्या आघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. पहिला आघात समुद्राचे तापमान वाढल्याने होणाऱ्या विरंजनाचा, म्हणजे प्रवाळांतील सूक्ष्म शैवाल निघून जाऊन ते पांढरे पडण्याचा, आहे. दुसरा पर्यटनामुळे होणाऱ्या मोडतोडीचा आहे. पहिल्यावर स्थानिक पातळीवर फारसे नियंत्रण शक्य नाही. दुसरा मात्र नांगराऐवजी स्थिर तरंडी वापरणे, एका वेळी उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि माशांना खाद्य टाकण्याची प्रथा थांबवणे अशा साध्या उपायांनी बराच कमी करता येतो. पर्यटकांच्या छायाचित्रांत मासे गर्दीने दिसावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकल्यास माशांच्या सवयी बदलतात आणि प्रवाळांवरील शैवाल खाण्याचे त्यांचे नैसर्गिक कार्य मंदावते.

पर्यटकांचा भार नैसर्गिक खडकांवरून अन्यत्र वळवण्याचा एक प्रयत्न म्हणून भारतीय नौदलातून २०२४ मध्ये सेवामुक्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीनजीक समुद्रतळाशी बसवून कृत्रिम प्रवाळखडक व पाण्याखालील संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे.

मासेमारी आणि जलपर्यटन

या किनाऱ्यावरील पारंपरिक मासेमारीत रापणीला विशेष स्थान आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेले मोठे जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढले जाते. या कामास अनेक माणसे लागतात आणि मिळालेल्या बांगडे, तारल्या, पेडवे आदी मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने केले जातात. त्यामुळे रापण हे केवळ जाळे नसून सामूहिक मालकीची एक व्यवस्था आहे. गाबीत समाजाचा या व्यवसायात मोठा सहभाग आहे.

पर्ससीन जाळी आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी यांविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी दीर्घकाळ आंदोलने केली आहेत. मासळीचे उत्पन्न अनिश्चित झाल्याने अनेक कुटुंबांतील तरुण पिढी पर्यटकांच्या नौका, पाणबुडीचे मार्गदर्शन किंवा निवास व्यवस्था यांकडे वळली. खडक, प्रवाह आणि वाऱ्याची जाण हे त्यांचे पिढीजात भांडवल या नव्या व्यवसायातही उपयोगी पडले.

तथापि दोन्ही व्यवसाय एकाच जागेवर अवलंबून असल्याने संघर्षाचे प्रसंगही उद्भवतात. रापण ओढण्यासाठी किनाऱ्याची मोकळी पट्टी लागते. वेगवान नौका, किनाऱ्यावरील तंबू व बांधकामे ती अडवतात. नौकांच्या आवाजाने मासे दूर जातात, अशीही मच्छीमारांची तक्रार असते. दुसरीकडे, पर्यटनाचे उत्पन्न वर्षातील आठ महिनेच मिळते आणि पाहुण्यांच्या जेवणातील ताजी मासळी ही मासेमारी टिकली तरच उपलब्ध होते. या अर्थाने पर्यटन हा मासेमारीचा पर्याय नसून तिच्यावर उभा असलेला जोडधंदा आहे.

दुर्घटना आणि सुरक्षितता

या किनाऱ्यावर अनेक जीवघेण्या दुर्घटना घडल्या आहेत. १५ एप्रिल २०१७ रोजी वायरी येथे समुद्रात उतरलेले बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडून मरण पावले. २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका तारकर्लीनजीक उलटून दोघांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, पावसाळ्यापूर्वी समुद्र खवळू लागण्याच्या काळात घडली.

तारकर्लीसारख्या सपाट दिसणाऱ्या वालुकामय किनाऱ्यावरही धोका असतो. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी अरुंद वाटेने वेगाने परत समुद्राकडे वाहते. या परतीच्या प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात आणि पाणी गडद व शांत भासते. नवख्या व्यक्तीला तीच जागा पोहण्यास योग्य वाटते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजण्याऐवजी तरंगत राहणे, किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडणे आणि हात उंचावून मदत मागणे हा योग्य उपाय आहे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी एकामागून एक उड्या घेतल्यास मृतांची संख्या वाढते. अशा वेळी दोर, रिकामा डबा किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेकणे अधिक सुरक्षित ठरते.

संगमावर धोक्याचे स्वरूप वेगळे असते. ओहोटीच्या वेळी नदीचे आणि खाडीत साठलेले भरतीचे पाणी एकत्र समुद्राकडे ओढ घेते. वाळूच्या दांड्याचा काठ एकाएकी खोल होतो, त्यामुळे गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या व्यक्तीचा पाय पुढच्याच पावलाला सुटू शकतो.

प्रवासी नौकांची नोंदणी, प्रवासी क्षमता आणि परवाने यांचे नियंत्रण महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे. प्रत्येक प्रवाशाने जीवरक्षक जाकीट घालणे बंधनकारक असते. हंगामाच्या अखेरीस गर्दी वाढते, नेमका त्याच वेळी समुद्र अस्थिर होऊ लागतो. त्यामुळे मे महिन्यात हवामान विभागाचा इशारा आणि स्थानिक मच्छीमारांचा सल्ला पाळणे विशेष आवश्यक ठरते.

किनाऱ्याची धूप

देवबागची भूपट्टी अरुंद असल्याने तेथे समुद्र आणि नदी अशा दोन्ही बाजूंनी धूप होते. नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांचा तडाखा सिंधुदुर्ग किनाऱ्याला बसला. धूप रोखण्यासाठी दगडी बंधारे घालण्यात आले आहेत. मात्र असे बंधारे एका जागी वाळू धरून ठेवत असले, तरी शेजारच्या भागातील वाळूचा पुरवठा कमी करू शकतात. किनाऱ्यावरील बांधकामांना किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत.

कसे जावे

कोकण रेल्वेवरील कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली ही मालवणसाठी सोयीची स्थानके आहेत. मुंबई–गोवा महामार्गावरून कसाल किंवा कुडाळ येथून मालवणकडे रस्ता जातो. कोल्हापूरकडून येणारे प्रवासी फोंडा किंवा गगनबावडा घाटाने उतरतात. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मालवणहून तारकर्ली सुमारे ६ ते ७ किलोमीटर अंतरावर असून तोच रस्ता पुढे देवबागच्या टोकापर्यंत जातो.

हेही पाहा

सिंधुदुर्ग किल्ला
मालवण सागरी अभयारण्य
रापण
कर्ली नदी
वेंगुर्ले
आंग्रिया बँक